बॅगा उघडा, घर मांडा



आपल्या धर्मग्रामाच्या कार्यालयात मिस्साचे हेतू नोंदवण्याची वही आहे. ती चाळली की गावाचा इतिहास वाचल्यासारखे वाटते. पूर्वी तिच्यात ‘नवीन घराबद्दल देवाचे आभार’ असा हेतू आला की ते घर कोणत्या आळीतले, हे आम्हां धर्मगुरूंना विचारावे लागत नसे. हेतूच्या पाठोपाठ घरभरणीचे आमंत्रण येतच असे. आता त्याच हेतूपुढे ब्रॅम्प्टन लिहिलेले असते, दुबई असते, मेलबर्न असते. नोंदवायला आई किंवा बाबा येतात. त्यांनी स्वतः ते घर पाहिलेले नसते. पाहिलेले असते ते फोनवर. मुलगा फोन हातात धरून फिरतो: “हा हॉल, हे किचन, ही खिडकी, झाले घर!” सगळे दोन मिनिटांत आटोपते. आई मात्र आमच्यासमोर बसून त्या दोन मिनिटांचे वर्णन पंधरा मिनिटे करते आणि शेवटी विचारते, “फादर, तिथे घराला आशीर्वाद द्यायला कोणी येईल का हो?”

तिच्या या प्रश्नामुळेच आजचे हे चार शब्द.

परदेशात नवीन घर लावणे म्हणजे काय, हे गेलेल्यांकडून आपण ऐकत असतो. टोरांटोच्या बाजूला भाड्याचे घर घेताना पहिल्या आणि शेवटच्या महिन्याचे भाडे आधीच मोजून द्यावे लागते. इथे ‘अमक्याचा मुलगा’ एवढे सांगितले की पुरते. तिथे अमका कोण, हेच कोणाला ठाऊक नाही. कर्ज घेऊन ते वेळेवर फेडल्याची नोंद तिथल्या कोणत्याही बँकेत नाही, म्हणून घरमालक कचरतो. घर मिळते तेही बहुधा रिकामे. फ्रिज आणि शेगडी असते, पण बऱ्याच घरांत हॉलच्या छताला दिवाच नसतो, संध्याकाळ झाली की ते लक्षात येते. न्हाणीघरात जमिनीला मोरी नाही, तेव्हा बादली-तांब्याची अंघोळ विसरायची. विजेला ऑन्टॅरिओमध्ये ‘हायड्रो’ म्हणतात, त्यामुळे नवखा माणूस विजेचे बिल पाण्याचे समजून बसतो. पहिले काही दिवस गादी जमिनीवर आणि जेवण पुठ्ठ्याच्या खोक्यावर. एखाद्या रविवारी धीर करून आईने दिलेले सुके बोंबील तव्यावर टाकले की छतावरची धुराची घंटा ठणाणा करू लागते. मग एकाने खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालायचा आणि दुसऱ्याने खिडक्या उघडायच्या. बाहेर शून्याखाली दहा!

हे सारे हसत हसत सांगितले जाते, आणि हसण्यासारखे आहेही. अवघड भाग त्यानंतरचा आहे, आणि तो फोनवर दिसत नाही. वर्ष उलटते तरी एक बॅग कपाटावर तशीच बंद असते. भिंती कोऱ्या असतात. घरून नेलेला क्रूस कपड्यांच्या घडीत गुंडाळलेला असतो. शेजारच्या दारामागे कोण राहते ते ठाऊक नसते. चर्च कुठे आहे ते माहीत आहे, पण तिथे नाव नोंदवलेले नाही. विचारले तर उत्तर ठरलेले: “दोनच वर्षे आहोत, फादर.” दोनाची चार होतात, चाराची सात होतात. तात्पुरते राहण्याचीच सवय जडते. देह तिथे असतो, मन इथे असते; आणि सुट्टीत इथे आले की मन तिथल्या हप्त्यांत असते.

पवित्र शास्त्रात हा ‘दोन वर्षांचा’ प्रश्न अगदी याच शब्दांत आला आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. इ. स. पूर्व ५९७ साली बाबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याने येरुशलेम घेतले आणि राजा, राजमाता, कारागीर, लोहार अशा हजारोंना बाबिलोनला नेले. मागे राहिलेल्यांत हनन्या नावाचा एक संदेष्टा होता. त्याने मंदिरात सर्वांसमक्ष जाहीर केले की, दोन वर्षांच्या आत सगळे परत येतील, मंदिराची भांडीसुद्धा परत येतील. लोकांना हे किती गोड वाटले असेल! यिर्मयाही प्रथम म्हणाला, आमेन, तसे होवो. पण देवाचा शब्द तसा नव्हता. मग यिर्मयाने बाबिलोनमधल्या निर्वासितांना एक पत्र पाठवले (यिर्मया २९). त्या पत्राचा आशय असा : घरे बांधा आणि त्यांत राहा. बागा लावा आणि त्यांची फळे खा. लग्ने करा, मुलाबाळांची लग्ने लावा. ज्या शहरात तुम्हांला नेले आहे त्याचे भले चिंता, त्याच्यासाठी प्रार्थना करा. त्याच्या भल्यातच तुमचे भले आहे. आणि परतीचा काळ? सत्तर वर्षे.

हे पत्र लिहिणारा स्वतः गेलेला नव्हता, तो येरुशलेममध्ये मागे राहिलेला होता. मागे राहिलेल्या माणसाने गेलेल्यांना ‘लवकर या’ असे लिहिणे सोपे. ‘तिथे नीट राहा’ असे लिहायला मन मोठे लागते. शिवाय बाबिलोन म्हणजे शत्रूचे शहर. त्या शहरासाठी प्रार्थना करा म्हणणारा यिर्मया येरुशलेममधल्या पुष्कळांना देशद्रोही वाटला, यात नवल नाही.

लोकांनी ते पत्र मानले का? याचे थोडे उत्तर पुराणवस्तूंतून मिळते. बाबिलोनच्या मुलखातल्या मातीच्या सुमारे दोनशे पाट्या अभ्यासकांच्या हाती आल्या. त्यांतल्या अनेक २०१५ साली येरुशलेममधल्या बायबल लँड्स म्युझियममध्ये प्रदर्शनात मांडल्या होत्या. इ. स. पूर्व ५७२ पासून ४७७ पर्यंतच्या तारखा त्यांवर आहेत. त्यांत प्रार्थना नाहीत की स्तोत्रे नाहीत. जमिनीचे खंड, बार्ली आणि खजूर भरल्याच्या पावत्या, कर्जे, वारसाहक्काच्या वाटण्या असे व्यवहार आहेत. म्हणजे आपल्या भाषेत सातबारा आणि भाडेकरार! नावे मात्र यहुदी आहेत, अनेक नावांत परमेश्वराचे नाव गुंफलेले आहे. आणि त्या वस्तीचे नाव आहे आल-याहुदु, यहुदाचे गाव. परक्या मातीत घरे मांडली, पण गावाला नाव दिले आपल्या मातीचे. आम्हांला या पाट्या एखाद्या प्रवचनापेक्षा जास्त बोलक्या वाटतात.

कोणी म्हणेल, तो काळ वेगळा होता, आता व्हिसाची तारीख असते. खरे आहे. कॅनडाने २०२४ पासून विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली, तेव्हापासून आपल्याही घरांतली मुले उद्याच्या विचाराने झोपत नाहीत. राहायला मिळेल की नाही हेच ठाऊक नसताना घर काय मांडायचे? पण यिर्मयाने कायमचे राहा असे कुठे सांगितले? परतीची तारीख त्याने दिलीच होती. त्याचे म्हणणे एवढेच, की परत जाईपर्यंतचे दिवस हेसुद्धा तुमच्या आयुष्याचेच दिवस आहेत. त्या दिवसांतही देव तुमचा देव आहे. तो येरुशलेमच्या मंदिरात कुलूपबंद होऊन तुमची वाट पाहत बसलेला नाही.

फ्रान्सची तत्त्वज्ञ सिमोन वेल हिने माणसाला मुळे का लागतात या विषयावरचे आपले पुस्तक १९४३ साली लिहिले. कुठे लिहिले? लंडनमध्ये, आपल्या देशापासून दूर, परक्यांच्या घरातल्या एका भाड्याच्या खोलीत राहत असताना. मूळ धरणे ही आत्म्याची फार मोठी गरज आहे, असे तिचे सांगणे. सेमिनरीत आम्ही ते परीक्षेपुरते वाचले होते. आता मिस्साच्या हेतूंची वही उघडली की ते पुन्हा आठवते. मूळ धरायला जमीन विकत घ्यावी लागते असे तिने म्हटलेले नाही. कुंडीतल्या तुळशीलाही मूळ असतेच.

तेव्हा आपल्या मुलांना फोनवर हे सांगा : बाळा, बॅग उघड. क्रूस बाहेर काढ. घरमालक भिंतीला खिळा मारू देत नसेल तर टेबलावर ठेव, पण डोळ्यांसमोर ठेव. घराला आशीर्वाद द्यायला धर्मगुरू मिळेपर्यंत थांबू नका. पहिल्याच रात्री, गादी जमिनीवर असली तरी, घरातल्या सर्वांनी मिळून जपमाळेची प्रार्थना करा. पहिल्या रविवारी जवळच्या चर्चमध्ये जा आणि दुसऱ्या रविवारी तिथल्या कार्यालयात नाव नोंदवा. मराठी मिस्सा महिन्यातून एकदा चाळीस मैलांवर कुठेतरी असते, तिला अवश्य जा. पण इतर रविवार कोरे सोडू नका. शेजाऱ्याचे दार ठोठावा आणि नाव विचारा. हवे तर बोंबलाच्या वासाबद्दल आधीच माफी मागून टाका! मैत्रीला तेवढे निमित्त पुरते.

आखातातल्या आपल्या माणसांची गोष्ट थोडी वेगळी आहे, ती विसरता येणार नाही. सर्वांनाच फ्लॅट मिळत नाही. कुटुंब नेण्याइतका पगार नसलेला माणूस ‘बेडस्पेस’ घेतो. एका खोलीत सहा-आठ जण, आणि पडद्याआडचा पलंग हेच त्याचे घर. त्या पलंगाच्या गजाला जपमाळ बांधलेली असते. संयुक्त अरब अमिरातीत जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार ही साप्ताहिक सुट्टी झाली, म्हणून अनेकांना आता रविवारची मिस्सा रविवारी मिळते. पण दुकानांत आणि बांधकामांवर राबणाऱ्यांची सुट्टी मालक ठरवील तेव्हाच. १२ जून २०२४ रोजी कुवेतमधल्या मंगाफ येथे परदेशी कामगारांच्या इमारतीला पहाटे आग लागली. झोपेतच कितीतरी जण गुदमरले. चाळीसहून अधिक भारतीय गेले, त्यांत बरेच केरळचे होते. त्यांच्या घरच्यांनीही शेवटच्या फोनवर ‘सगळे ठीक आहे’ हेच ऐकले असेल. म्हणून मुलगा किती पाठवतो हे विचारण्याआधी तो कुठे झोपतो ते विचारा. खोलीत किती जण आहेत, जिना कुठे आहे, रात्री बाहेरच्या दाराला कुलूप असते का, हे विचारा. महिन्याला दहा हजार कमी आले तर चालतील, पण बरी जागा घे, असे सांगणारा बाप आम्हांला अजून फार वेळा भेटलेला नाही.

आता हे आपल्यापर्यंत, इथे राहिलेल्यांपर्यंत आलेच. आपल्याही धर्मग्रामात एक-दोन हनन्या घराघरांत बसलेले आहेत. “कशाला सोफा घेतोस? दोन वर्षांनी यायचेच आहे.” “तिथे घर मांडलेस तर आम्हांला विसरशील.” ही भीती खोटी नाही. बाबिलोनहून परतायची मुभा इ. स. पूर्व ५३८ मध्ये मिळाली तेव्हाही सगळे परतले नाहीत. मूळ धरले की ते उपटताना दुखते, आणि काही झाडे तिथलीच होतात. ही किंमत आहे, ती लपवून उपयोग नाही. पण मुलाला अधांतरी ठेवून तो आपला राहतो का? तो इथलाही राहत नाही.

आणि ती कुलूप लावलेली घरे. आपल्या आळ्यांतून फिरताना दिसतात: तीन मजले, ग्रॅनाइटचा ओटा, पुढे केळीची चार खुंटे, दाराला कुलूप. ज्याच्या कमाईने ते बांधले तो तिकडे तीन मित्रांबरोबर दोन खोल्यांत राहतो आणि वर्षातून वीस दिवस इथे येऊन जाळी झाडतो. गावी घर नसावे असे आमचे म्हणणे नाही. त्याच यिर्मयाने पुढे, येरुशलेमला वेढा पडलेला असताना, आपल्या अनाथोथ गावातले शेत सतरा शेकेल चांदी मोजून विकत घेतले आणि खरेदीखत मातीच्या मडक्यात जपून ठेवायला लावले. या भूमीवर पुन्हा घरे-शेते घेतली जातील, ही त्याची श्रद्धा होती. म्हणजे तिथे घर मांडा म्हणणारा माणूस इथली जमीनही सोडत नाही. फरक एवढाच की ते शेत त्याने देवाच्या वचनासाठी घेतले होते. शेजाऱ्याच्या दोन मजल्यांवर तिसरा चढवण्यासाठी घेतले नव्हते.

आणखी एक गोष्ट, आणि ती ऐकायला थोडी कडू आहे. आपली मुलगी ब्रॅम्प्टनमध्ये ज्या अनुभवातून जाते, त्याच अनुभवातून आपल्या चर्चच्या मागच्या इमारतींत कितीतरी कुटुंबे जात आहेत. केरळची नर्स आहे, मंगळूरचे जोडपे आहे, कोकणातून आणि उत्तर प्रदेशातून आलेली घरे आहेत. वाड्या विकून इमारती आपणच उभ्या केल्या, फ्लॅट आपलेच, भाडे आपण घेतो आणि त्यांना ‘बाहेरचे’ म्हणतो. त्यांचा करार अकरा महिन्यांचा. अकरा महिने संपत आले की त्यांच्या पोटात गोळा येतो: भाडे वाढेल का, दलालाला पुन्हा पैसे द्यावे लागतील का, मुलाची शाळा बदलेल का. ऑन्टॅरिओमध्ये कराराची मुदत संपली एवढ्याच कारणाने भाडेकरूला काढता येत नाही, करार महिन्या-महिन्याने पुढे चालू राहतो. हे ऐकून आपण म्हणतो, बघा, कायदा कसा माणुसकीचा! मग तीच माणुसकी आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूला दाखवायला आपल्याला कोणत्या कायद्याची वाट पाहायची आहे? अनामत रकमेतून रंगाचे, नळाचे, पंख्याचे म्हणून पैसे कापून घेणारे हात रविवारी ख्रिस्तशरीर स्वीकारायला पुढे येतात. परक्याला आपल्यातलाच समजा, कारण तुम्हीही मिसर देशात परके होता, हे परमेश्वराने मोशेकरवी इस्राएल लोकांना बजावले होते (लेवीय १९). आपल्यापैकी प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या घराचा मिसर देश आज कुठेतरी आहेच.

पोप बारावे पायस यांनी १९५२ साली स्थलांतरितांविषयी जे पत्रक काढले त्यात नाझरेथच्या पवित्र कुटुंबाला सर्व निर्वासित कुटुंबांचा आदर्श म्हटले. हेरोदाच्या भीतीने योसेफ रात्रीच उठून मरिया आणि बाळ येशूला घेऊन निघाला, एवढे मत्तय सांगतो. मिसरमध्ये ते कोणाच्या घरात राहिले, पहिल्या रात्री कुठे झोपले, शेजारी कोण होते, काही सांगत नाही. पण कोणीतरी दार उघडले असणारच. त्याचे नाव शुभवर्तमानात नाही.

संत पौलाचे मात्र थोडे कळते. तो कैदी म्हणून रोमला पोहोचला. त्याला शिपायाच्या पहाऱ्यात वेगळे राहण्याची परवानगी मिळाली, आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या अगदी शेवटी लूक सांगतो की, पौल पूर्ण दोन वर्षे स्वतःच्या खर्चाने भाड्याच्या घरात राहिला (प्रे. कृ. २८ : ३०). पुन्हा दोन वर्षे! त्याला तर उद्याचीही खात्री नव्हती, खटला डोक्यावर होता. तरी येणाऱ्या प्रत्येकाचे तो स्वागत करीत होता आणि देवाच्या राज्याविषयी बोलत होता. ख्रिस्तसभेच्या आरंभीच्या इतिहासाचे ते पुस्तक एखाद्या मंदिरात संपत नाही, विजयाच्या मिरवणुकीतही संपत नाही. एका भाडेकरूच्या खोलीत, उघड्या दारात ते संपते.

पहिल्या पानावरच्या त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर असे : होय, बहुतेक ठिकाणी तिथल्या चर्चमध्ये विनंती केली तर धर्मगुरू येतात, पण त्यासाठी तिथे नाव नोंदवलेले असावे लागते.

जाणाऱ्यांसाठी दोन सूचना. बाप्तिस्मा, दृढीकरण आणि विवाह यांचे दाखले निघण्याच्या आदल्या दिवशी मागू नयेत, आठवडाभर आधी कार्यालयात कळवावे. तिथे विवाह ठरला तर बाप्तिस्म्याचा दाखला शक्यतो सहा महिन्यांच्या आतला लागतो, जुना चालत नाही. आई-वडिलांनी इथून अर्ज केला तरी चालेल. आणि आलेल्यांसाठी : आपल्या इमारतीत किंवा आळीत गेल्या वर्षभरात राहायला आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांची नावे मिस्सानंतर वेदीसेवकांकडच्या वहीत लिहून द्यावीत. मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गात मध्येच प्रवेश मिळेल. येत्या महिन्यात आम्ही दोघे धर्मगुरू संध्याकाळी सातनंतर त्या घरांना भेट देऊ. इमारतीचे नाव, मजला आणि आडनाव एवढे पुरे. शक्य असेल त्या शेजाऱ्याने दार दाखवायला आमच्याबरोबर यावे.

– प्रमुख धर्मगुरू